नारपोली: चार, सात, आठ की एकवीस?

मजकुराच्या पहिल्या घटकापासून शेवटच्या घटकापर्यंत क्रमानं जायचं, एकही गाळायचा नाही आणि एकही दोनदा घ्यायचा नाही. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. प्रोग्रामिंगच्या बहुतेक पुस्तकांत तो तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात येतो आणि दोन पानांत उरकतो. लूप लावा, स्ट्रिंगमधलं एकेक कॅरेक्टर हातात घ्या, काय करायचं ते करा, पुढे सरका. विद्यार्थी माना डोलावतात, कारण समोर उदाहरण असतं रोमन लिपीतल्या 'हॅलो'चं. त्यात अक्षरं पाच, कॅरेक्टर पाच, बाइटही पाच. कुठूनही मोजा, उत्तर पाचच येतं. त्यामुळे आपण नेमकं काय मोजलं, हा प्रश्न कुणाच्या मनातच येत नाही.

'हॅलो'च्या जागी 'नारपोली' घातलं की येतो.

वाचणारा म्हणतो चार: ना, र, पो, ली. शाळेत व्याकरण मन लावून शिकलेला म्हणतो आठ, कारण तो वर्ण मोजतो: न्, आ, र्, अ, प्, ओ, ल्, ई. पायथॉनला लांबी विचारली तर सात. गो भाषेत तेच विचारलं तर एकवीस. स्विफ्ट पुन्हा चारवर येते. यातलं कुणीच चुकलेलं नाही. नारपोलीतल्या माणसाला याचं नवल वाटायचंही कारण नाही. यंत्रमागावरून उतरलेला एकच तागा व्यापारी मीटरवर घेतो, टेंपोवाला वजनावर उचलतो आणि कापडाची प्रत बघणारा त्यावर भिंग ठेवून इंचातले पिक मोजतो. मोजायला बसण्याआधी आपण कशासाठी मोजतोय, हे तिघांनाही पक्कं ठाऊक असतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र पुष्कळदा ते ठाऊक नसतं. भाषेनं जेवढं पाऊल दिलं तेवढं तो निमूट टाकत जातो. ही सवय मोडावी म्हणून हे पुस्तक.

गावाचं नाव उदाहरणाला घेतलं ते शोभेसाठी नाही. भिवंडीच्या या भागात मागांचे कारखाने आहेत, आणि अंजूरफाटा, राहनाळ, काल्हेर, दापोडा असा गोदामांचा पट्टाही जवळच आहे. गोदाम म्हटलं की लेबल आलं, लेबल म्हटलं की पत्ता आला, आणि पत्ता म्हटलं की प्रोग्राममध्ये त्याच्यासाठी ठरवून ठेवलेला रकाना आला. समजा रकान्याची मर्यादा २० ठेवली आहे. ठेवणाऱ्यानं मनात धरली होती वीस अक्षरं, पण त्याच्या कोडनं मोजले वीस बाइट. आता 'नारपोली' त्यात बसतं का ते पाहू.

युनिकोडमध्ये न या चिन्हाचा क्रमांक २३४४. पुढचा काना २३६६, मग र २३५२, प २३४६, पो मधली काना-मात्रा मिळून एकच चिन्ह २३७९, ल २३५४ आणि शेवटची दीर्घ वेलांटी २३६८. ही झाली सात चिन्हं. आज जवळजवळ सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. न म्हणजे २२४, १६४, १६८. दीर्घ वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८. सात त्रिक एकवीस. रकाना विसाचा, म्हणून एकविसावा बाइट उडतो आणि वेलांटीचे नुसते २२४, १६५ हे दोन बाइट उरतात. त्या दोघांना अर्थ नाही. लेबलावर छापलं जातं 'नारपोल' आणि त्यापुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. हातात पार्सल घेतलेला मुलगा फॉन्टला शिव्या देतो. फॉन्ट बिचारा निर्दोष असतो.

जाता जाता एक गंमत. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक २३६७ आणि दीर्घ वेलांटीचा २३६८. मधला बाइट १६४ चा १६५ होतो तो बरोबर या दोघींच्या मध्ये. ऱ्हस्व वेलांटी २२४, १६४, १९१ आणि तिची थोरली बहीण २२४, १६५, १२८. शेजारी राहणाऱ्या दोघींच्या बाइटांत सारखा आहे तो फक्त पहिला आकडा.

लेबलावरची ती चूक दुरुस्त करायची कशी? यूटीएफ-८ रचणाऱ्यांनी त्याची सोय करून ठेवली आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदावर ती मांडली. चिन्हाचा पहिला बाइट सोडून बाकीचे नेहमी १२८ ते १९१ यांच्यामध्येच पडतील, अशी ती व्यवस्था आहे. त्यामुळे मजकुराच्या मधोमध कुठंही उतरलात तरी दोन-तीन पावलं मागे येऊन चिन्हाची सुरुवात सापडते. विसाव्या बाइटवरून मागे आलो की अठराव्यावर थांबतो, प्रश्नचिन्ह जातं आणि उरतं 'नारपोल'. यंत्राच्या लेखी मजकूर शुद्ध झाला, पण असं गाव नाही. अजून मागे येऊन पूर्ण अक्षरापाशी कापलं तर 'नारपो' राहतं. तसंही गाव नाही. खरा उपाय रकाना मोठा करण्याचा आहे. लूप कितीही हुशारीनं लिहिला तरी तो हे सांगणार नाही.

भिवंडी एकाच लिपीचं शहर असतं तरी एक वेळ निभावलं असतं. इथं मराठी पाटीशेजारी उर्दू पाटी असते आणि पद्मानगरात गेलं की तेलुगू. या शहराचं नाव रोमन लिपीत आठ बाइट घेतं, उर्दूत चौदा, देवनागरीत अठरा आणि तेलुगूतही अठरा. उर्दूत 'भ'साठी दोन अक्षरं लिहावी लागतात, बे आणि दोचश्मी हे. म्हणून तिथं चिन्हं सात होतात, पण प्रत्येकाला बाइट दोनच. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात म्हणून लूप उलटा लावावा लागतो, असा एक गैरसमज आहे. तसं काही नाही. साठवण वाचनाच्या क्रमानं होते आणि दिशा ठरते पडद्यावर रंगवताना. आपल्या 'भि'मध्येही हेच आहे: वेलांटी डोळ्याला आधी दिसते, स्मृतीत मात्र ती भ नंतर असते.

मोबाइलवरच्या संदेशाचा हिशेब वेगळा. एका एसएमएसला १४० बाइटची जागा. रोमन लिपीत सात बिटांचं एक अक्षर धरून त्यात १६० अक्षरं मावतात. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला सोळा बिट दिले की ७० चिन्हं. म्हणजे 'नारपोली, भिवंडी' एवढं लिहिताच स्वल्पविराम आणि मोकळ्या जागेसह पंधरा खर्ची पडली. शंभर ग्राहकांना माल तयार असल्याचं मराठीतून कळवणाऱ्याला हा फरक थेट बिलात दिसतो. त्याला मोजायची असतात तीच चिन्हं. बाइटही नकोत आणि अक्षरंही नकोत.

हे चिन्ह-चिन्ह कुठून आलं? १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथं वाढलं आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची सांकेतिक पद्धत प्रमाण ठरली. आयएस १३१९४ हे तिचं १९९१ सालचं मानक. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरूनच बेतलेली आहे. व्यंजन वेगळं, स्वरचिन्ह वेगळं, पाय मोडण्याची खूण वेगळी, आणि क्रम उच्चाराचा. हा निर्णय शहाणपणाचा होता. तो किती शहाणपणाचा, हे ज्यानं जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये आणल्या आहेत त्याला विचारा.

डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं वापरले गेलेले ते फॉन्ट अक्षरांचे तुकडे साठवत. डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी. 'मार्मिक' हा शब्द घ्या. अशा फाईलमध्ये तो असा असतो: म, काना, ऱ्हस्व वेलांटी, म, रफार, क. युनिकोडमध्ये हवा असतो असा: म, काना, र, पाय मोडण्याची खूण, म, ऱ्हस्व वेलांटी, क. म्हणजे लूप वेलांटीपाशी आला की ती तशीच लिहून चालत नाही. ती हातात धरून ठेवायची, पुढचं व्यंजन (जोडाक्षर असेल तर सगळंच्या सगळं) जाऊ द्यायचं आणि मग ठेवायची. रफारापाशी आला की उलट. तो आत्ता दिसला तरी त्याची जागा मागच्या म च्या आधी आहे, म्हणून लिहून झालेल्या मजकुरात एक अक्षर मागे जाऊन तिथं र घुसवायचा. एकाच म साठी एक चिन्ह पुढे न्यायचं आणि एक मागे. एकेक घटक घ्या नि पुढे सरका, हे सूत्र इथं पहिल्याच शब्दात कोलमडतं. सहाव्या प्रकरणात हा बदल सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवला आहे. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण तेच आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी.

शब्द उलटा करण्याचा सराव सगळीकडे देतात. 'नारपोली' चिन्हागणिक उलटा केला तर सुरुवातीला निराधार दीर्घ वेलांटी येते आणि पुढे 'लोपरान' उभं राहतं. प ची काना-मात्रा ल ला गेली, न चा काना र नं घेतला. अक्षरागणिक उलटवलं तर मिळतं 'लीपोरना'. ते निरर्थक असलं तरी निदान वाचता येतं. उलटसुलट सारखी वाचली जाणारी वाक्यं तपासताना हीच अडचण अधिक खुलून येते. 'रामाला भाला मारा' हे अक्षरागणिक तंतोतंत जुळतं, मोकळ्या जागा तेवढ्या वगळायच्या. चिन्हागणिक पहिल्याच पावलाला अडतं, कारण एका टोकाला र आहे आणि दुसऱ्या टोकाला काना. उलट, पिढ्यान् पिढ्या पोरांना सांगितलं जाणारं 'चिमा काय कामाची' यंत्र अक्षरागणिकसुद्धा नापास करतं. पहिली वेलांटी ऱ्हस्व, शेवटची दीर्घ. यंत्राचं चूक म्हणता येत नाही, आणि आजीचंही.

काही चिन्हं दिसतच नाहीत किंवा दिसतात ती दोन रूपांत असतात. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवत, आणि कित्येक कीबोर्डांनी ती सवय पुढेही सोडली नाही. डोळ्यांना दोन्ही सारखी. यंत्राच्या लेखी एक म्हणजे एक चिन्ह आणि दुसरं म्हणजे दोन, आणि ती परस्परांना समान मानावीत असा नियमही युनिकोडनं केलेला नाही. तेव्हा 'ॲडव्हान्स' शोधणाऱ्याला वहीतले निम्मे ॲडव्हान्स सापडत नाहीत. 'दऱ्या'चंही तसंच. एक जण ऱ वापरून तो पाच चिन्हांत लिहितो, दुसरा साधा र घेऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतो आणि सहा चिन्हांत लिहितो. मजकुरातून चालत जाण्याआधी तो एकसारखा करून घ्यावा लागतो, आणि मराठीसाठी त्यातले काही नियम आपले आपणच लिहावे लागतात. त्यांची यादी परिशिष्टात आहे.

आतापर्यंत 'अक्षर' असं बिनधास्त म्हणत आलो. यंत्राला ते कळतं का? कळावं म्हणून युनिकोडचं एक वेगळं परिशिष्ट आहे, एकोणतिसाव्या क्रमांकाचं. मजकूर कुठं तुटतो आणि कुठं तुटत नाही, हे त्यात लिहिलं आहे. काना-मात्रा-वेलांटी व्यंजनाला चिकटून राहतात, हे त्यात आधीपासून होतं. जोडाक्षरं मात्र तुटत. 'क्षेत्र' हा शब्द घ्या. चिन्हं सात, बाइट एकवीस, अगदी 'नारपोली'इतकेच. कोणताही मराठी माणूस त्यात दोन अक्षरं मोजेल. जुन्या नियमानं यंत्र चार तुकडे करी: पाय मोडलेला क, मग षे, मग पाय मोडलेला त, मग र. सप्टेंबर २०२३ मध्ये १५.१ ही आवृत्ती आली आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं अखंड ठेवण्याचा नियम त्यात घातला गेला. १९९१ पासून २०२३ पर्यंत बत्तीस वर्षं झाली. पहिलीतलं पोर क्ष हे एक अक्षर म्हणून गिरवतं.

आमच्याकडे अक्षरागणिक चालण्याची परंपरा संगणकाहून कितीतरी जुनी आहे, आणि मराठी विद्यार्थ्यानं ती आपली म्हणून वापरावी असं मला वाटतं. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. तिथं जोडाक्षर एकच धरतात. अक्षरगणवृत्तात नुसतं मोजून भागत नाही, प्रत्येक अक्षर लघु की गुरू हेही पाहावं लागतं, आणि त्यासाठी पुढचं अक्षर जोडाक्षर आहे का हे डोकावून बघावं लागतं. आठ गण लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र शाळेत पाठ करून घेतात. ते म्हणजे प्रोग्रामिंगचा तयार धडाच आहे. त्यात दहा अक्षरं. पहिल्या अक्षरावर उभं राहून तीन अक्षरं घ्या: यमाता, लघु-गुरू-गुरू, हा य गण. एक पाऊल पुढे: मातारा, तिन्ही गुरू, हा म गण. असं सलगंपर्यंत गेलं की आठ खिडक्या होतात, आणि लघु-गुरूंच्या तीन-तीनच्या आठही जोडण्या प्रत्येकी एकदाच येऊन जातात. अशा सरकत्या मालिकांना गणितात निकोलास द ब्रॉयन यांचं नाव आहे. त्यांचा त्यावरचा लेख १९४६ चा. हेच सूत्र पायथॉनला देऊन तीन-तीन चिन्हांची खिडकी सरकवली तर दहाऐवजी पंधरा घटक निघतात आणि पहिल्याच पावलापासून सगळा गोंधळ.

रशियातही असाच एक मोजणारा होऊन गेला. आंद्रेई मार्कोव्हनं १९१३ मध्ये पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधली २०,००० अक्षरं हातानं चालून काढली, स्वरामागून स्वर येतो की व्यंजन हे पाहायला. रशियन लिपीतली, स्वतःचा उच्चार नसलेली दोन चिन्हं त्यानं मोजणीतून आधीच बाजूला काढली होती. काय मोजायचं हे ठरलं, मग तो मोजायला बसला.

भाषांच्या स्वभावाबद्दल थोडक्यात. सी तुम्हाला बाइटवर नेऊन सोडते, पुढचं तुमचं तुम्ही बघा. पायथॉन ३ चिन्हं देते. रस्ट चौथं अक्षर द्या म्हटलं तर प्रोग्राम बांधायलाच नकार देते. बाइट हवेत की चिन्हं ते आधी सांगा म्हणते. मला हा खाष्टपणा आवडतो. गोमध्ये लांबी बाइटांत मिळते पण लूप चिन्हागणिक चालतो, यावर नवशिके हमखास आपटतात. जावा आणि जावास्क्रिप्ट सोळा बिटांच्या घटकांत मोजतात. देवनागरीला त्यानं फरक पडत नाही, म्हणून मराठी प्रोग्रामर निर्धास्त असतो. मग एक दिवस तो मोडी लिपी हाताळायला घेतो. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ मध्ये, ७.० आवृत्तीत, आणि तिला जागा मिळाली सोळा बिटांच्या पलीकडे. तिचं प्रत्येक चिन्ह या दोन्ही भाषांत दोन घटक घेतं, यूटीएफ-८ मध्ये चार बाइट. अनुक्रमांकानं चालणारा जावास्क्रिप्टचा लूप प्रत्येक मोडी चिन्हाचे दोन तुकडे करत जातो. जुने दस्तऐवज मोडीत लिहिलेल्या ठाणे जिल्ह्यात हे उदाहरण दूरचं नाही.

वेगाचा विषय शेवटच्या प्रकरणात उरकला आहे. त्यात एवढंच सांगितलं आहे की दर फेरीला 'पाचशेवं अक्षर द्या' असं विचारू नका, कारण यूटीएफ-८ मध्ये यंत्राला प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजत यावं लागतं. आहात तिथूनच पुढे जा.

पुस्तकासाठी पायथॉन ३ आणि युनिकोडचा कुठलाही मराठी फॉन्ट पुरेसा आहे. चिन्हांचे आणि बाइटांचे आकडे कुठल्याही यंत्रावर छापल्याप्रमाणेच यायला हवेत. न आल्यास आधी मजकुरात एखादं न दिसणारं चिन्ह शिरलं आहे का ते पाहा. जोडाक्षरांच्या बाबतीत तसं नाही. उत्तरांच्या पानावर 'क्षेत्र'समोर दोन छापलं आहे. तुमच्याकडे चार आलं तर तुमचं कोड खोडायला जाऊ नका. अक्षरं तोडणारी लायब्ररी युनिकोडच्या कुठल्या आवृत्तीवर चालते ते तपासा, आणि ती १५.१ च्या आधीची असेल तर जोडाक्षरं सांधणारा पाचव्या प्रकरणातला आठ ओळींचा तुकडा तिच्यापुढे जोडा.